पान दोनशे बारा

त्या हिवाळ्यात चियातुराची वीज गेली
ती धड परत आलीच नाही तीन महिने.
रोपवेचे डबे दरीवर जिथल्या तिथे लोंबत राहिले.
खाणी बंद पडल्या,
आणि मँगनीजनं काळी असलेली आमची नदी
जन्मात पहिल्यांदा जराशी निवळली.

आधी जाळल्या बाल्कनीच्या फळ्या.
मग मालखाझचा पाळणा. (नऊ वर्षांचा घोडा, तरी रडला.)
मग आई पुस्तकांच्या कपाटासमोर उभी राहिली,
हात कमरेवर,
बाजारात मासळी पारखावी तशी.

पहिले गेले अधिवेशनांतल्या भाषणांचे खंड.
सोनेरी कडा, गुळगुळीत कागद;
नुसते धुमसले, ऊब म्हणून दिली नाही.
"धडधाकट होते तेव्हा तरी कुठे दिली?" आई म्हणाली
आणि कितीतरी दिवसांनी खोकत खोकत हसली.
मग बाबांचं रेल्वेचं वेळापत्रक.
त्यातल्या गाड्या ज्या देशात धावायच्या
तो देशच रद्द झाला होता.
ते मात्र भडकून पेटलं.

नंतर उरली ती घरचीच माणसं.

आईचा नियम एकच: वाचल्याशिवाय जाळायचं नाही.
पान फाडायचं, मोठ्यानं वाचायचं, शेगडीत सोडायचं,
त्याच्या उजेडात पुढचं.
जाळ बसायला लागला की ती वाक्य अर्धं गिळायची.
डोंगर, संध्याकाळ, कुणाचे तरी डोळे असलं काही आलं
की मालखाझ म्हणायचा,
"हे दोन्ही बाजूंनी भरलंय, हे जास्त वेळ जळेल."
शेजारची त्सियाला चार अक्रोड आणि स्वतःचं पाकपुस्तक घेऊन आली.
"वीस अंडी घ्या," आईनं वाचलं,
आणि आम्ही इतके हसलो
की शेगडीत पान घालायचंच राहिलं
आणि अंधार झाला.

बोटीवरच्या डॉक्टरची कादंबरी तिनं शेवटपर्यंत मागे ठेवली.
अकरा रात्री पुरली.
डॉक्टरला एक बहीण होती,
प्रत्येक बंदरावर तिचं पत्र आलेलं असायचं,
पत्रात घरच्या कुत्र्याची खबर.
दोनशे अकराव्या पानावर डॉक्टरनं केबिनचं दार ठोठावायला हात उचलला
आणि आमच्या डोक्यावरचा दिवा लागला.
चाळीस वॉटचा. पिवळट, लाजल्यासारखा.
कोपऱ्यात रेडिओ खरखरला.
आईनं हातातलं पान तरीही शेगडीत टाकलं,
सवयीनं.

उरलेलं अर्धं पुस्तक लोकरीच्या धाग्यानं बांधलेलं
माझ्याकडे आहे.
ते असं सुरू होतं: दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं.
त्यानंतर मी शेकड्यांनी पुस्तकं वाचली,
सगळी घाईघाईनं,
कुणीतरी मागे हात पुढे करून बसलंय अशी.
पण दर जानेवारीत हे एक,
दारापासून.

गेल्या साली तेकलेनं कुतायसीच्या जुन्या बाजारातून
अख्खी प्रत आणली. "आई, आता सुरुवातीपासून वाच."
वाचली. दोनदा वाचली.
दोनशे अकरा पानांत बहीण नाही.
पत्रं नाहीत. कुत्रं तर नाहीच.
एवढ्याशा जाळात तिला अक्षरं दिसत तरी होती का,
की पान राख होईपर्यंत
कागद हातात धरून ती आपली बोलत राहायची?
विचारायला आता ती नाही.
मालखाझला फोन केला. तो म्हणाला,
"कुत्र्याचं नाव काय होतं गं?"

आता मी रोपवेच्या वरच्या ठाण्यावर असते.
नवे डबे, काचेचे, आवाज न करणारे.
दुपारी उतारू नसतात तेव्हा मांडीवर पुस्तक,
अर्धं, धाग्याचं.
डॉक्टर रिकाम्या केबिनमध्ये उभा आहे,
पुढचं बंदर दोन दिवसांवर.
खालून घंटा वाजते. कुणीतरी बटाट्याचं पोतं घेऊन आलंय.
मी बोट पानात ठेवते
आणि दुसऱ्या हातानं डबा खाली सोडते.